साठच्या आत

मिस्त्रीने तिसऱ्यांदा चाक फिरवलं. चाकाचा तोल तपासणारं मशीन घुमत घुमत थांबलं आणि पडद्यावर तिसराच आकडा आला.

पहिल्यांदा साठ ग्रॅम, आतल्या कडेला. दुसऱ्यांदा पंच्याऐंशी, बाहेरच्या कडेला. आता पस्तीस, आणि तेही भलत्याच जागी. मिस्त्रीने हातातलं वजन परत डब्यात टाकलं, बाहीने कपाळ पुसलं आणि न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्या चाकाकडे बघितलं.

"तुमचं मशीन खोटं बोलतंय," साहेब म्हणाले.

"मशीन जुनं आहे साहेब, पण खोटं नाही. सकाळपासून चार चाकं झाली याच्यावर. कोणाची तक्रार नाही."

"तक्रार यायला चाक रस्त्यावर जावं लागतं. आत्ता कुठे अकरा वाजलेत."

मिस्त्री पुन्हा डब्यावर वाकला. पन्नाशीचा, जाड मानेचा, कंबरेला पट्टा आवळलेला माणूस. वाकताना एकदा आणि उठताना एकदा असा तो दर वेळी दोनदा कण्हायचा. एकट्याने दुकान चालवत होता आणि आज त्याच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. तसं ते साहेबांच्याही अंगात नव्हतं, पण साहेबांचं तोंड कधी त्राणावर अवलंबून नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. किराणा दुकानं, सोनारांच्या पेढ्या, लाकडाच्या वखारी, पेट्रोलपंप. जिथे म्हणून माल मोजून विकतात तिथे साहेब पिशवीतली पितळी वजनं घेऊन हजर. काटा केसभर चुकला तरी दाखला नाही. दुकानदार त्यांना पाठीमागे 'मिलिग्रॅम' म्हणत. साहेबांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षांत एकही खोटा दाखला दिला नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यांच्या बायकोने त्यावर मान हलवणंही सोडून दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरगाडी घेतली. मागे पलंग, मधे शेगडी आणि बेसिन, पुढे दोन खुर्च्या. एक वर्ष हिंडायचं आणि परत यायचं असं ठरलं होतं. आता तिसरं वर्ष संपत आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर भाड्याने दिलेलं होतं; भाडेकरू एक शाळामास्तर, सरळ माणूस.

आणि गेले आठ महिने गाडी थरथरत होती. साठपर्यंत कशी लोण्यासारखी चालायची. सत्तरला स्टेअरिंगमधून हाताला मुंग्या यायच्या, पंचाहत्तरला कपाटातल्या बशा बोलायला लागायच्या आणि ऐंशीला मागच्या पलंगावर आडव्या झालेल्या बाईंना आपल्या पाठीत किती मणके आहेत ते मोजता यायचं. साहेबांनी या थरथरीचीही चाचणी शोधून काढली होती. आतून खूण केलेला एक स्टीलचा पेला, खुणेपर्यंत पाणी, खाली चौघडी घातलेलं फडकं, आणि पेला समोरच्या काचेखाली. कितीच्या वेगाला पाणी उसळतं आणि फडकं किती भिजतं ते सगळं वहीत. गाडी थांबली की बाई ते फडकं पिळून दांडीवर वाळत घालायच्या. चार गॅरेजं झाली. चारही ठिकाणी वजनं लावली, चारही ठिकाणी थरथर वाढली आणि चारही मिस्त्र्यांशी साहेबांची जुंपली. चौथ्याची तर त्यांनी लेखी तक्रार केली.

आज सकाळी मास्तरांचा निरोप आला. घर आणखी दोन वर्षं मिळेल का, संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. साहेबांनी निरोप दोनदा वाचून दाखवला. बाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"एक करू या," त्या म्हणाल्या. "आज पाचव्या ठिकाणी जातोय ना? थरथर गेली, तर द्या मास्तरांना घर दोन वर्षं. मी एक अक्षर बोलणार नाही. न्याल तिथे येईन. नाही गेली, तर गाडी वळवायची आणि घरी जायचं."

"तुला घरी जायचंय का?"

"माझं सोडा. काय ते चाकाला ठरवू द्या."

"असं कसं? तुला जायचं असेल तर तुझ्यासाठी म्हणून मी..."

"माझ्यासाठी म्हणून काही करू नका, हात जोडते! माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही बढती सोडलीत, ते बारा वर्षं ऐकतेय मी. तुमचे उपकार फार महाग पडतात हो."

ते खरं होतं.

"ठरलं मग?" बाईंनी विचारलं.

"ठरलं. शब्द दिला."

म्हणून गाडी इथे आणल्यावर मिस्त्रीने तीन पद्धती सांगितल्या, तेव्हा साहेबांनी त्या जिवाचा कान करून ऐकल्या. एक म्हणजे चाक उतरवून मशीनवर फिरवायचं आणि मशीन दाखवेल तिथे रिमच्या कडेला वजनं ठोकायची. दुसरी, चाक गाडीवरच ठेवून फिरवायचं; पण एवढ्या अवजड गाडीचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. आणि तिसरी, टायरच्या पोटात काचेचे बारीक मणी सोडायचे. गाडी पळायला लागली की ते आपले आपण हव्या त्या जागी जाऊन बसतात.

"आपले आपण?" साहेबांनी विचारलं होतं.

"आपले आपण. एकदा टाका आणि टायर संपेपर्यंत विसरा."

"आणि ते बरोबर बसलेत की नाही हे कोण बघतं?"

"कोण बघणार साहेब? टायर बंद असतो."

"मग नको. जे मला दिसत नाही ते मी पास करत नाही. वजनं लावा."

मिस्त्रीने जुनी वजनं आधी उचकटून काढली. चार गॅरेजांची मिळून निम्मा डबा भरला. आणि त्यानंतर हे सुरू झालं होतं. साठ, पंच्याऐंशी, पस्तीस.

साहेबांनी पिशवीत हात घालून मखमली डबी काढली. तिच्यात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन होतं, खात्यातल्या लोकांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेलं, शिक्क्यासकट.

"तुमचं एखादं झालेलं चाक लावा मशीनवर."

मिस्त्रीने कण्हत एक चाक चढवलं. मशीनने शून्य दाखवलं. साहेबांनी आपलं वजन चिकटपट्टीने रिमला बांधलं आणि फिरवायला सांगितलं. पन्नास. पुन्हा. पन्नास. तिसऱ्यांदाही पन्नास, आणि नेमकं त्याच जागी. साहेबांनी पट्टी सोडवली, वजन रुमालाने पुसून डबीत ठेवलं.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे फार झालं.

"मग पाणी मुरतंय ते तुमच्या चाकात," मिस्त्री म्हणाला. त्याने जाऊन हवेच्या पंपाची मोटर बंद केली. दुकान एकदम गप्प झालं. मग घरगाडीचं चाक जमिनीवर उभं धरून, कान जवळ नेऊन, त्याने ते हळूहळू पुढे ढकललं.

आत काहीतरी सरसरत होतं. सुपात धान्य फिरवावं तसं.

"ऐकलंत?"

साहेबांनी ऐकलं होतं.

टायर रिमवरून सोडवायला वीस मिनिटं लागली. मिस्त्रीने तो घमेल्यावर तिरका केला आणि आतून मणी ओघळले; मोहरीएवढे, स्वच्छ, काचेचे, दोन ओंजळी भरतील इतके. मिस्त्री बघतच राहिला आणि मग इतका हसला की त्याला कंबर धरावी लागली.

"आहेतच की! साहेब, तुम्हाला नको होते ते मणी तुमच्याच चाकात! मणी आत असताना मशीनवर चाक फिरवलं तर दर वेळी ते निराळ्याच जागी पडणार. दर वेळी आकडा निराळा. आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून एकेकाने वजनं ठोकलीत. मणी बिचारे एकीकडे ओढतायत, वजनं दुसरीकडे. थरथरणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे त्या चौघांची चूक नव्हती?"

"त्यांना कोणी सांगितलंच नसेल, तर त्यांनी काय करावं? टाकले कोणी हे?"

"मला काय माहीत," साहेब म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांना माहीत झालं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा गाडी जराशी थरथरायची, अगदी जराशी. चार दिवस ते पट्टी बांधून दवाखान्यात होते आणि गाडी बाईंच्या ताब्यात होती. परत आल्यावर बाई म्हणाल्या होत्या, टायर बघून घेतलेत, आता काळजी नको. हवा बघितली असेल असं समजून साहेब दुसऱ्याच दिवशी वजनं लावायला गेले होते.

त्यांनी मूठभर मणी घेतले आणि आत गेले.

टायरांच्या थप्पीमागे काचेची छोटी खोली होती. बाई तिथल्या एकुलत्या एक खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाडीत बसतात तशाच, कोणत्याही क्षणी उठावं लागेल अशा. साहेबांनी त्यांच्यापुढे मूठ उघडली.

बाईंनी मण्यांकडे बघितलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

साहेबांना पुढचं काही विचारायची खरं तर गरज उरली नव्हती. तरी त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांची सवय.

"कधी टाकलेस?"

"तुमचा डोळा बांधलेला होता तेव्हा. तो दुकानदार म्हणाला, टाका आणि विसरा. मला वाटलं, बरं झालं, तुमच्यामागची एक कटकट गेली. त्या डोळ्याने तुम्ही कुठे गॅरेजं शोधत फिरणार होतात?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. पण न दिसणारी वस्तू तुम्हाला पटायला अर्धा दिवस गेला असता. त्या माणसाकडे जाऊन तुम्ही मणी मोजून मागितले असतेत. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी वजनं लावून आलात."

"पण नंतर? थरथर वाढल्यावर? अगं, चार गॅरेजं झाली!"

बाईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"पहिल्या दोन वेळा मला खरंच कळलं नाही. तिसऱ्याने विचारलं. तुम्ही टाकीत पाणी भरायला गेला होतात. तो म्हणाला, बाई, आत काही घातलंय का हो, आकडा ठरत नाहीये."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

बाहेर मिस्त्री दुसरं चाक उतरवत होता. नटांचा खणखणाट झाला आणि थांबला.

"तिथे आपण दोन दिवस थांबलो होतो," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीला वेळ नव्हता म्हणून. आठवतं? खिडकीतून एक झाड दिसायचं, साधंच. दुसऱ्या दिवशी उठले तर तेच झाड. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीन वर्षांत रोज सकाळी उठून आधी आठवायला लागतं, आपण कुठे आहोत. त्यानंतर वाटायला लागलं, थरथरू दे बापडी. थरथरली की थांबतो तरी. आणि कधीतरी तुम्हीच कंटाळाल."

"मला सांगायचंस. नुसतं सांगितलं असतंस तरी..."

"काय झालं असतं? वळवली असतीत गाडी, मला माहीत आहे. आणि मग आणखी बारा वर्षं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. "मी दमलेय हो. उपकार घ्यायलासुद्धा दमलेय."

साहेबांच्या तळहाताला घाम आला होता आणि मणी चिकटले होते. इतकी वर्षं ज्या माणसाशेजारी आपण झोपतो त्याची चूक आपल्याला केसभरही कळू नये, याचं त्यांना वाईट वाटत होतं. चूक म्हणावं तर ती चूक नव्हती, हेही कळत होतं, आणि त्याचं जास्त वाईट वाटत होतं.

"जा आता," बाई म्हणाल्या. "सापडलेच आहेत तर नीट करून घ्या. शब्द तो शब्द. थरथर गेली तर मास्तरांना कळवून टाकू. मी खोटेपणा केला तो केला, पण शब्द मोडणार नाही. आणि परत सांगते, माझ्यासाठी म्हणून काही करू नका."

साहेब बाहेर आले. मूठ त्यांनी घमेल्यात रिकामी केली, हाताला चिकटलेले मणीही नखाने सोडवून आत टाकले.

दुसऱ्या चाकातूनही तेवढेच मणी निघाले. मिस्त्री हातावर हात ठेवून उभा होता.

"आता बोला साहेब. मणी किंवा वजनं. कोणतंही एक घ्या, गाडी सुतासारखी सरळ होईल. दोन्ही मिळून मात्र नाही. वजनं लावली तर मशीनवर शून्य दाखवून देतो, तुमच्या डोळ्यांसमोर. मण्यांचं मशीनवर कळत नाही. रस्त्यावर नेऊनच बघावं लागतं."

"मणी परत घाला," साहेब म्हणाले.

मिस्त्रीच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात, न दिसणारं पास करत नाही."

"तिचे आधीचे आहेत. माझी वजनं नंतरची. मधे मीच तडमडलो."

मण्यांचं वजन मात्र त्यांनी करून घेतलं. तेवढं केल्यावाचून त्यांच्याने राहवलं नाही. मिस्त्रीच्या काट्यावर आधी स्वतःचं पितळी वजन ठेवून काटा तपासला आणि मग प्रत्येक चाकाचे मणी मोजले. या मापाच्या टायरसाठी भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले होते तितकेच भरले, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. बाईंनी त्या वेळी मोजून घेतले असणार. साहेबांना आपल्या बायकोचा अभिमान वाटला.

दुपारी दोनला चाकं चढली. साहेबांनी पेला खुणेपर्यंत भरला, फडक्याची चौघडी घातली आणि पेला काचेखाली ठेवला. मिस्त्री शेजारच्या खुर्चीवर बसला. बाई आल्या नाहीत. त्या दुकानाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तशाच होत्या.

गावाबाहेर रस्ता सरळ आणि मोकळा होता. साठ. सत्तर. साहेबांचे हात सवयीने आवळले गेले. पण स्टेअरिंग गप्प होतं. पंचाहत्तर. मागे बशांचा हूं नाही की चूं नाही. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वदला साहेबांनी पेल्याकडे बघितलं. पाणी आरशासारखं पडून होतं.

आठ महिन्यांनी गाडी परत त्यांची झाली होती. नाही म्हटलं तरी त्यांचा जीव हरखला. चौतीस वर्षं दुकानांच्या काउंटरवर मान खाली घालून काटे बघितलेल्या माणसाला समोर काचभर रस्ता मिळाला होता. त्याला तो पुरत नव्हता. अजून किती बघायचं राहिलं होतं! समुद्राच्या कडेचा तो लांबलचक रस्ता त्यांनी नकाशावर लाल पेनाने काढून ठेवला होता. दोन वर्षांत सहज झाला असता. बाईंनी शब्द दिला होता आणि त्या मागे हटल्या नसत्या. एक अक्षर बोलल्या नसत्या. रोज सकाळी उठून, आपण कुठे आहोत ते आठवून, त्यांनी चहा टाकला असता.

"काय साहेब, बोललो नव्हतो?" मिस्त्री खुशीत होता. "टेबलावर बसल्यासारखं वाटतंय की नाही?"

"वाटतंय," साहेब म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मग त्यांनी हात पुढे केला.

"तुमचा कामाचा कागद द्या."

मिस्त्रीने खिशातून मळका कागद काढून दिला. साहेबांनी तो स्टेअरिंगवर ठेवून ठळक अक्षरांत लिहिलं: पुढची दोन्ही चाके तपासली. नव्वदच्या वेगापर्यंत कंप शून्य. काम चोख. खाली सही, तारीख, वेळ.

"हा तुमच्याकडे ठेवा. आता परत गेल्यावर मी हिला सांगणार आहे, थरथर गेली नाही म्हणून."

"काय?" मिस्त्री तीन ताड उडाला. "अहो, माझ्या कामाला नाव ठेवणार तुम्ही? दिवस घातला मी याच्यात!"

"म्हणून तर लेखी दिलं. मिस्त्री, चौतीस वर्षांत एकही खोटा दाखला दिला नाही मी. आज एक देतोय. तोंडी आहे. खरा तुमच्या खिशात आहे."

मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं. मग मागच्या पलंगाकडे, शेगडीकडे, दांडीवर टांगलेल्या रिकाम्या चिमट्यांकडे बघितलं. काचेच्या खोलीतलं सगळं बोलणं त्याला ऐकू गेलं नसेल, पण तो लग्न झालेला माणूस होता. त्याने कागदाची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली.

"मला अलीकडच्या वळणावर उतरवा," तो म्हणाला. "मागच्या दाराने जातो. ताईंनी विचारलं तर माझ्या तोंडावर दिसेल. मला नाही जमत असलं काही."

"मला तरी कुठे जमतं," साहेब म्हणाले.

बाई अजून दाराशीच उभ्या होत्या. साहेब खाली उतरले आणि सरळ पुढच्या चाकापाशी जाऊन त्याला बुटाने टकटक करायला लागले.

"काय झालं?"

"नाही गेली."

"नाही गेली?"

"पंचाहत्तरला सुरू होते. थोडी कमी आहे, पण आहे." हे सगळं त्यांनी टायरला सांगितलं. "पाच गॅरेजं झाली. आता मलाच कंटाळा आलाय. ठरल्याप्रमाणे जाऊ."

बाईंनी दार उघडलं आणि या वेळी मागे पलंगाकडे न जाता पुढच्या खुर्चीवर चढून बसल्या. साहेब पलीकडून आत आले, किल्लीला हात लावला, आणि तेव्हा त्यांचं लक्ष गेलं.

पेला तसाच होता. पाणी बरोबर खुणेवर. खालचं फडकं कोरडं ठणठणीत, चौघडी जशी घातली तशी.

उभा जन्म दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या आणि पहिली चोरी केली ती मुद्देमाल समोर मांडून!

बाई पेल्याकडे बघत होत्या. त्यांनी एक बोट पुढे करून फडक्याला लावलं. आठ महिने रोज पिळलेलं फडकं ते. त्यांनी बोट मागे घेतलं, मान वळवली आणि साहेबांकडे बघितलं. साहेब काचेतून समोर, जिथे काही नव्हतं तिथे, फार लक्ष देऊन बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मग बाईंनी पेला उचलला. तहान लागल्यासारखं त्यातलं पाणी संथपणे प्यायल्या. तळाशी दोन घोट उरले, ते त्यांनी फडक्यावर ओतले. फडकं खिडकीबाहेर धरून घट्ट पिळलं, झटकलं, आणि उठून मागच्या दांडीवर वाळत घातलं, चिमटे लावून. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि त्या ते पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"मास्तरांना मी कळवते," त्या म्हणाल्या.

"कळव. नीट सांग. माणूस चांगला आहे, घर शोधायला वेळ द्यायला हवा त्यांना. महिनाभर खाली गाडी लावून राहू आपण."

"राहू की. झाड आहे तिथे."

साहेबांनी गाडी सुरू केली. दुकानाच्या मागच्या दाराशी मिस्त्री दुसऱ्याच कुठल्यातरी टायरवर वाकला होता. त्याने मान वर केली नाही. गाव मागे पडलं. रस्ता मोकळा झाला, मघाचाच, सरळ, आणि साहेबांचा पाय आपोआप जड व्हायला लागला.

"अहो," बाई म्हणाल्या. "साठच्या पुढे नका जाऊ हं. थरथरेल."

"नाही जात."

"दोन दिवस लागतील मग पोचायला."

"लागू देत. मला त्या चौघा मिस्त्र्यांना पत्रंही लिहायचीत वाटेत."

मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी बाजूने निघून गेला. ड्रायव्हरने जाता जाता हातवारे करून काहीतरी सुनावलं. साहेबांनी काटा अठ्ठावन्नवर धरून ठेवला.